अब्बा रागावलेले नव्हते

आमच्या घरात जवळजवळ दोन वर्षे एक गैरसमज राहत होता. तो बाहेरून कुणी आणून टाकला नव्हता. आम्ही चार भावंडे, दोन सुना आणि एक नातू, सगळ्यांनी मिळून तो वाढवला होता.

सुरुवात नेमकी केव्हा झाली ते सांगता येणार नाही. आठवते ती रमजानमधली एक संध्याकाळ. इफ्तारला सगळे दस्तरखानावर बसलो होतो. थोरल्या भाईची बायको, आमची भाभी, हिने त्या दिवशी रोजा असतानाही दुपारभर खपून अब्बांच्या आवडीची सांदणे केली होती. अब्बांनी एक खाल्ले, दुसरे घेतले, तेही संपवले. चेहऱ्यावर मात्र काही नाही. न राहवून भाभीने विचारले, “कशी झालीत, अब्बा?” अब्बा “चांगली” म्हणाले, पण इतक्या बारीक आवाजात आणि इतक्या कोऱ्या चेहऱ्याने, की भाभीला ते “ठीक आहेत, खातो झालं” असे ऐकू आले. रात्री भांडी घासताना ती डोळे पुसत होती.

मग असे प्रसंग वाढत गेले. पाहुणे आले तरी अब्बा हसेनात. सहा वर्षांचा नातू शाळेतल्या गमती सांगायला जाई आणि अर्ध्यावर थांबे. एकदा त्याने अम्मीला विचारले, “दादी, दादा माझ्यावर का रागावलेत?” अम्मी म्हणाली, “नाही रे, त्यांचा स्वभावच तसा आहे.” पुढे तो अब्बांच्या खोलीत जाणेच टाळू लागला. आम्ही आपापसात कारणे शोधली. जमिनीच्या वाटणीचा विषय काढला म्हणून रागावले असतील. धाकट्याने मुंबईची नोकरी सोडली ते आवडले नसेल. घरात जितकी माणसे तितकी कारणे, आणि प्रत्येकाला आपले कारण खरे वाटत होते.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत हेडमास्तर होते. त्या काळच्या मास्तरांसारखेच कडक. आम्ही लहान असताना अंगणातल्या त्यांच्या चपलांच्या आवाजावरून आज पारा किती चढला आहे ते ओळखायचो. त्यांनी कपाळाला आठी घालायच्या आत आम्ही पुस्तके उघडून बसलेले असू. या विद्येत आम्ही चौघेही पारंगत होतो आणि आम्हाला तिचा थोडा अभिमानही होता. तो पुढे कसा नडला, ते पुढे येईलच.

आंबा घाट उतरेपर्यंत

उलगडा झाला तो बँकेमुळे. पेन्शन काढायला गेलेल्या अब्बांची स्लिप सही जुळत नाही म्हणून परत आली. ज्या माणसाचे खुशखत पंचक्रोशीत नावाजलेले, ज्याने गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका हाताने लिहिल्या, त्याची सही मुंगीएवढी झाली होती. डोळ्यांचा दोष असेल म्हणून चष्मा बदलला. फरक पडेना. शेवटी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून कोल्हापूरच्या मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी अब्बांना खोलीत चालायला लावले. चालताना उजवा हात हलत नव्हता; आमच्या कुणाच्या ते लक्षातही आले नव्हते. अंगठा आणि तर्जनी भरभर जुळवायला सांगितली, ती वेग हरवून बसली. एक ओळ लिहायला दिली. पहिला शब्द बरा, मग अक्षरे लहान लहान होत गेली. वास येतो का, विचारले. अब्बा म्हणाले, “अत्तराचा येत नाही, दोन-तीन वर्षे झाली.” हेही आम्हाला नवीन. मग डॉक्टरांनी आमच्याकडे वळून विचारले, “हे घरात शेवटचे खळखळून केव्हा हसले?”

कुणालाच सांगता येईना.

निदान झाले कंपवाताचे. इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. नावात कंप असला तरी सगळ्या रुग्णांचे हात थरथरतात असे नाही, आणि आमची दिशाभूल तिथेच झाली. मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि आपण विचार न करता करतो त्या हालचाली मंदावतात. चालताना हात हलणे, पापण्या लवणे, आवंढा गिळणे आणि चेहऱ्यावर येणारे-जाणारे भाव, सगळेच. डॉक्टर म्हणाले, “चेहरा मुखवट्यासारखा होतो. ते रागावलेले नाहीत. त्यांचा चेहरा हलत नाही.”

परतताना आंबा घाट उतरेपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

हसण्याचे मेंदूत दोन रस्ते आहेत, हे आम्हाला त्यानंतर कळले. फोटोसाठी मुद्दाम हसतो तेव्हा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून, स्नायूंवर ताबा ठेवणाऱ्या पट्ट्यातून सुटतो. विनोद ऐकून आपोआप फुटणारे हसू वेगळ्या, खोलवरच्या मार्गाने येते. अर्धांगवायू झालेल्या काही रुग्णांना “हसा” म्हटले तर तोंडाची एक बाजू हलत नाही, पण नातवाने गंमत केली की दोन्ही बाजू हसतात. कंपवातात बहुधा याच्या उलट घडते. आपोआप येणारे हसू आधी आटते, मुद्दाम प्रयत्न केला तर थोडेफार जमते. त्या दिवशी डॉक्टरांनी “हसून दाखवा” म्हटल्यावर अब्बांच्या ओठांचे कोपरे उशिरा, जड दार उघडावे तसे हलले होते.

पण आमच्या मनाला जो प्रश्न लागून राहिला तो अब्बांच्या मेंदूचा नव्हता. त्यांचा चेहरा तर कोरा होता. मग त्या कोऱ्या पाटीवर आम्हा सगळ्यांना राग कुठून दिसला?

आकार आणि हालचाल

इराकमध्ये जन्मलेल्या आणि अकराव्या शतकात कैरोत राहून काम केलेल्या इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात दृष्टीचा कसून विचार केला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात ही जुनी समजूत त्यांनी खोडून काढली. शिवाय पाहणे डोळ्यापाशी संपत नाही, त्यात आठवण आणि निवाडा मिसळतात, हेही त्यांनी मांडले. माणसाचे हसणे-रडणे आपल्याला चेहऱ्याच्या आकारावरून आणि हालचालीवरून कळते, अशी नोंद त्यांनी केली आहे. आकार, हालचाल, आठवण, निवाडा. आजचे मेंदूशास्त्र फार वेगळे काही सांगत नाही, फक्त कुठले काम कुठे चालते ते दाखवते.

डोळ्यांतून येणारी खबर आधी मेंदूच्या पाठीमागच्या भागात पोहोचते. तिथून एक वाट मेंदूच्या खालच्या पृष्ठभागावरच्या एका घडीकडे जाते. नॅन्सी कानविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, की इथला एक छोटा भाग इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना जास्त जागा होतो. हा माणूस कोण, हे ओळखण्यात त्याचा मोठा वाटा. दुसरी वाट कानाच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या एका खाचेकडे वळते. नजर कुठे वळली, भुवई उचलली का, ओठ हलले का, अशा बदलत्या गोष्टींची दखल तिथे घेतली जाते. म्हणून काही रुग्णांना स्वतःच्या बायकोचा चेहरा ओळखता येत नाही, पण समोरची स्त्री हसते आहे हे कळते. काहींचे नेमके उलट असते. ओळख आणि भाव ही मेंदूच्या हिशेबात दोन खाती आहेत, पूर्ण वेगळी नसली तरी.

तिसरे ठिकाण आहे अमिग्डाला. ग्रीक भाषेत याचा अर्थ बदाम. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाएवढाच. या बदामाचे महत्त्व जगाला ज्या बाईमुळे समजले तिची हकीकत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

एस. एम.ची गोष्ट

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचे नाव जपून ठेवले आहे. शास्त्रीय लेखांत ती फक्त ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी येते. एका अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले, मेंदूचा बाकी भाग बहुतेक शाबूत. बुद्धी चांगली, बोलणे चांगले, मुलांची आई, संसारी बाई. १९९४ मध्ये राल्फ अॅडॉल्फ्स, डॅनियल ट्रॅनल आणि हॅना व अँटोनियो दमासिओ यांनी तिला वेगवेगळ्या भावांचे फोटो दाखवले. ओळखीची माणसे ती बिनचूक ओळखत होती. आनंदी चेहरा ओळखत होती. पण भ्यालेला चेहरा दाखवला की अडे. कुणीतरी काहीतरी व्यक्त करते आहे हे कळायचे, काय ते कळायचे नाही. तिला चित्र काढायचा छंद. प्रत्येक भावनेचा चेहरा काढून दाखव म्हटल्यावर तिने आनंद, दुःख, राग व्यवस्थित काढले. भीतीपाशी थांबली. भ्यालेला चेहरा कसा दिसतो तेच माहीत नाही म्हणाली आणि शेवटी रांगत जाणाऱ्या बाळासारखी एक आकृती काढली.

यावरून अनेक वर्षे सरळ अर्थ काढला गेला, की अमिग्डाला म्हणजे मेंदूतले भीतीचे केंद्र. शाळेच्या पुस्तकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत तो अजूनही तसाच येतो. पण गोष्ट तिथे संपली नाही. २००५ साली याच अॅडॉल्फ्स यांनी दुसरा लेख प्रसिद्ध केला. फोटो पाहताना एस. एम.ची नजर नेमकी कुठे जाते ते त्यांनी उपकरण लावून पाहिले, तेव्हा कळले की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नाही. आनंद ओठांवरूनही समजतो, पण भीती मुख्यतः डोळ्यांत असते. ताणलेल्या पापण्या, जास्त दिसणारा डोळ्यांचा पांढरा भाग. मग त्यांनी तिला एवढेच सांगितले: डोळ्यांकडे बघ. ती बघू लागली आणि भ्यालेले चेहरे तिला इतरांइतकेच ओळखता येऊ लागले.

हा शोध वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. तिच्या मेंदूला भीती समजत नव्हती असे नाही. नजर कुठे न्यावी, ते सुचवणारा भाग बंद होता. अमिग्डाला जणू कोपर हलवून सांगतो, “तिकडे बघ, महत्त्वाचे तिथे आहे.” एस. एम.ला ते बाहेरून कुणीतरी सांगावे लागले. आणि सांगणे थांबले की तिची नजर पुन्हा पहिल्यासारखीच भटकायची, ही त्यातली दुःखाची बाजू. ‘भीतीचे केंद्र’ ही कल्पनाही २०१३ मध्ये आणखी ढिली झाली. संशोधकांनी तिला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली आणि जिला साप-विंचू, भयपट काहीच भिववत नव्हते ती बाई जीव घाबरून मास्क ओढू लागली. गुदमरण्याची भीती तिच्या मेंदूत दुसऱ्या कुठल्यातरी दाराने आली होती.

आमच्या घरातही बघायचे राहून गेले होते, पण निराळ्या तऱ्हेने. अब्बांची भुवई, आठी, ओठ यांकडे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो आणि आता नेमके तिथेच काही घडत नव्हते. त्यांच्या हातांकडे, चालण्याकडे, ताटात उरलेल्या-न उरलेल्या घासाकडे आम्ही पाहिले नाही. भाभीने केलेली सांदणे अब्बांनी मागून घेऊन संपवली, हे त्या संध्याकाळी कुणी मोजले नाही.

आपला चेहरा आपल्याला काय सांगतो

कुणी तोंड वाकडे केले की आपल्या तोंडाचे स्नायूही किंचित हलतात, आपल्या नकळत. काही शास्त्रज्ञांच्या मते समोरच्याचा भाव समजायला मेंदू तो भाव थोडासा स्वतःच्या अंगावर घालून पाहतो. अॅडॉल्फ्स यांच्याच गटाने २००० साली मेंदूला इजा झालेल्या १०८ रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात अडचण येणाऱ्यांत मेंदूच्या उजव्या बाजूचा, स्वतःच्या शरीराच्या जाणिवेशी निगडित भाग बिघडलेला आढळला. पण हे सर्वस्व नव्हे. काही माणसे जन्मतःच चेहरा हलवू शकत नाहीत. अशा व्यक्तींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना इतरांचे भाव इतरांसारखेच ओळखता आले. चेहरा हलणे मदत करत असेल, पण तो एकच मार्ग नाही.

कंपवाताच्या रुग्णांबाबत मात्र एक कडू गोष्ट अनेक अभ्यासांतून पुढे आली आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना इतरांच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणेही अवघड जाते. म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, दोन्ही खिडक्या धूसर. अब्बा एकदा म्हणाले होते, “हल्ली तुम्ही सगळे माझ्याशी परक्यासारखे वागता.” आम्ही ते टोमणा म्हणून घेतले.

कोरा चेहरा आपण कोरा म्हणून सोडून देत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून बाळाकडे पाहत राहते. बाळ आधी हसून बघते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच उत्तर येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवते, कोमेजते. आईने रागावून पाहिलेले नसते, चेहरा फक्त थांबलेला असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूच्या अभ्यासात तर मुलांचा अमिग्डाला भ्यालेल्या चेहऱ्यांपेक्षा भावरहित चेहऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होता. मोठ्यांचे तसे नव्हते. आमचा नातू दादांच्या खोलीच्या उंबरठ्यावरून का परतत होता, ते हे वाचल्यावर समजले.

घर शिकवते

आता त्या चपलांच्या आवाजाकडे परत येतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलॅक यांनी घरात मारहाण सोसलेल्या मुलांवर अनेक वर्षे काम केले आहे. एका प्रयोगात पडद्यावर अस्पष्ट चेहरा हळूहळू स्पष्ट होत जाई आणि मुलांनी भाव ओळखायचा. मारहाण सोसलेली मुले रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा आधी, कमी खुणांवरून ओळखत. दुसऱ्या प्रयोगात राग आणि भीती किंवा राग आणि दुःख यांची मिसळ असलेले चेहरे दाखवले, तेव्हा इतर मुलांना भीती किंवा दुःख दिसत होते तिथे या मुलांना राग दिसला. त्यांच्या मेंदूतली रागाची हद्द पसरली होती. ज्यांच्याकडे घरात कुणी लक्षच दिले नाही अशा मुलांना तर एक भाव दुसऱ्यापासून वेगळा करणेच कठीण गेले.

अब्बांनी आम्हाला त्या अर्थाने मारले नाही. छडी वर्गात असायची, घरात नाही. पण त्यांच्या रागाचा अंदाज घेणे हा आमच्या लहानपणाचा रोजचा धडा होता आणि मेंदू रोजचा धडा विसरत नाही. लहान मुलासाठी ते शहाणपणाचेच असते. ज्या घरात पाऊस पडतो तिथे छत्री हाताशी ठेवावी. पाऊस थांबून तीस वर्षे झाली तरी आम्ही छत्री मिटली नव्हती. अब्बांचा चेहरा बोलायचा थांबला, तेव्हा आम्ही जुन्या पाठांतरातून उत्तर वाचले. आमच्याकडून ते भाभीला गेले, भाभीकडून नातवाला. ज्या पोराला अब्बांनी कधी चढ्या आवाजात हाकही मारली नव्हती, त्याच्यापर्यंत आमची भीती पोहोचली.

आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिलेले नाही त्यांचेही असेच होते, हे कळल्यावर थोडे हलके वाटले. लिंडा टिकल-डेग्नेन यांच्या संशोधनात तर कंपवाताच्या रुग्णांसोबत काम करणारे अनुभवी वैद्यकीय कर्मचारीसुद्धा गोठलेल्या चेहऱ्याच्या रुग्णांबद्दल चुकीचे प्रतिकूल मत बनवताना दिसले. चेहऱ्यावरून स्वभाव ठरवण्याची खोड शिक्षणाने सहज जात नाही.

चेहऱ्याच्या आजूबाजूला

खरे तर चेहरा एकटा फारच थोडे सांगतो. पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत जाऊन मांडले, की आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस हे भाव जगभर सारखेच ओळखले जातात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवले गेले. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरचा मोठा आढावा घेतला आणि दाखवले, की माणसे रागात नेहमी भुवया आक्रसत नाहीत आणि भुवया आक्रसणारा प्रत्येक माणूस रागात नसतो. विचार करतानाही आठी पडते, ऊन लागले तरी पडते. आम्हाला बॅरेट यांचे म्हणणे जास्त पटते, अर्थात आमच्यावर वेळच तशी आली म्हणूनही असेल.

२०१२ चा एक प्रयोग मजेदार आहे. टेनिसचा महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या खेळाडूंचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा पाहून जिंकला की हरला ते कुणाला सांगता येईना. नुसते धड पाहून आले. चेहरा आणि धड दोन्ही दाखवले तेव्हा लोकांनी बरोबर ओळखले, पण “चेहऱ्यावरून कळले” असे म्हणाले!

त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मारिस्का क्रेत आणि बिआट्रिस द गेल्डर यांनी नकाबातून दिसणारे डोळे आणि टोपी-शालीतून दिसणारे डोळे लोकांना दाखवले. भाव तेच, तरी वाचन बदलले. कापड कोणते आहे यावर डोळ्यांचा अर्थ ठरला. आमच्या वाचक भगिनींना यात नवल वाटणार नाही. बसमध्ये, रुग्णालयाच्या रांगेत हा अनुभव त्यांनी संशोधकांच्या आधीच घेतलेला असतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यात आपण आपलीच समजूत वाचत असतो आणि तीच चूक आम्ही आमच्या बापाच्या बाबतीत केली होती, फक्त मध्ये कापड नव्हते.

चेहरा पाहून भावना ओळखणारी यंत्रे आता निघाली आहेत. त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न सरकारांनाही पडला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळांत त्यांचा वापर, उपचार व सुरक्षेची कारणे सोडून, बंद केला आहे. अब्बांना अशा यंत्रापुढे बसवले असते तर त्याने काय निकाल दिला असता, ते आम्हाला माहीत आहे. आम्हीच दोन वर्षे तो देत होतो.

शिकणे

औषध सुरू झाल्यावर हालचाल सुधारली, चेहरा थोडाच. तज्ज्ञांनी आरशासमोर करायचे व्यायाम दिले: भुवया उचला, गाल फुगवा, ओठ ताणा, मोठ्याने वाचा. अब्बा हे सगळे फजरनंतर शिस्तीत करतात. आरशासमोर बसलेल्या हेडमास्तरांना बघून सुरुवातीला आम्हालाच हसू येई, आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटे.

एका दुपारी ते अम्मीला म्हणाले, “भावाला हसून भेटणे हाही सदका, हे मी पोरांना वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले. आता माझ्याकडून तेवढाही होत नाही.” अम्मी म्हणाली, “तुम्ही आधी तरी कुठे करत होतात?” आणि दोघांपैकी एकाच्या चेहऱ्यावर हसू आले. पण आता आम्हाला कळू लागले होते, की अब्बांचे खांदे हलले होते.

सगळ्यात चांगला उपाय नातवाने शोधला. डॉक्टरांनी सांगितले होते, की ओळखता येत नसेल तर विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. मोठ्यांना विचारायला अवघड वाटे. तो सरळ अब्बांच्या गुडघ्याशी बसून विनोद सांगतो आणि विचारतो, “दादा, किती मार्क?” अब्बा थोडे थांबतात, त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मग म्हणतात, “सात.” फार झाले तर आठ. दहापैकी दहा अजून कुणाला मिळालेले नाहीत, मास्तरांची सवय. आता घरात सगळ्यालाच मार्क मिळतात: चहाला, बातम्यांना, शेजाऱ्यांच्या नव्या गेटला.

गेल्या ईदला भाभीने पुन्हा सांदणे केली. अब्बांनी दोन खाल्ली, तिसरे अर्धे करून घेतले. भाभी समोर उभी राहिली, हात पदराला पुसत. अब्बांनी तिच्याकडे पाहिले. पापण्या लवल्या नाहीत, ओठ हलले नाहीत.

“साडेनऊ,” ते म्हणाले.

“आणि अर्धा कशाचा कापला?”

अब्बांनी बराच वेळ घेतला. “मीठ विसरलीस,” म्हणाले.